लग्नाच्या चौकटीतली खूण

दादा त्या रविवारी इस्त्री केलेला शर्ट घालून खेळायला आला, तेव्हाच त्याच्या डोक्यात किती हवा गेलीय ते कळलं. सहा वर्षं घरातली माणसं एक सोडून एक रविवारी, दुपारी, दुकानावरच्या खोलीत जमत होती. सहा वर्षं जो तो घरच्या कपड्यांत, पाय वर घेऊन, मांडीवर बिस्किटांचा चुरा सांडत खेळत होता. पण आज शेवटची बैठक होती. कॉम्प्युटरवरच्या गेममधल्या इतिहासाची चार वर्षं उरली होती, मोठ्या गादीवर दादाचा राजा बसला होता, आणि ती चार वर्षं संपली की खालचं चष्म्याचं दुकान दादाचं होणार होतं. स्वतःच्या राज्याभिषेकाला माणूस चुरगळलेल्या बनियनवर कसा येईल? बरोबर टाय नव्हता, एवढंच नशीब म्हणायचं.

आता अख्खं दुकान खेळावर लावायची अक्कल कोणाची, तर दादाच्या वडिलांची, आप्पांची. दोन महिन्यांपूर्वी घरात जो तमाशा झाला होता, त्यात दादा म्हणत होता की हल्ली चष्मे कोण दुरुस्त करून घेतं, दुकान बंद करू आणि जागा मोबाइलच्या कंपनीला भाड्याने देऊ. भिंगी, म्हणजे त्याची धाकटी बहीण, म्हणत होती की तिच्या जिवात जीव आहे तोवर शटर खाली येणार नाही. दोघं आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. आप्पांनी सत्तर वर्षांत एकही निर्णय स्वतःहून घेतला नव्हता, आणि आता सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती. तेव्हा ते उठले, टीव्हीकडे बोट केलं आणि म्हणाले, "शेवटच्या वर्षी मोठ्या गादीवर ज्याचं घराणं असेल, दुकान त्याचं. ज्याला घराणं राखता येतं, त्यालाच दुकान राखता येतं."

वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. दादा लगेच कबूल झाला, कारण तेव्हा त्याच्याकडे चौदा किल्ले होते. भिंगीकडे होते तीन. तीही हो म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार होती बिचारी.

गेम तसा समजायला सोपा होता. जुन्या काळचे राजेराजवाडे, प्रत्येकाचं एक घराणं, सगळ्यांच्या वर एक मोठी गादी, आणि टीव्हीला जोडलेल्या एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने चाल. ज्याच्या हातात माउस त्याचं राज्य, बाकीच्यांनी तोंडं मिटून बघायचं. राजा मेला की त्याच्या घराण्यातला पुढचा वारस हातात येतो. घराण्यात कोणीच उरलं नाही, तर खेळणाऱ्याने उठायचं आणि चहा करायला जायचं. आप्पा सगळ्यांना नेहमी ऐकवायचे की लढायांनी किल्ले मिळतात, पण राज्यं मिळतात ती लग्नांनी. मुलगी द्यावी, नातू होईपर्यंत थांबावं, आणि नातवाच्या नावाने जाऊन गादी मागावी. हे सांगताना ते असे काही डोळे बारीक करायचे की वाटावं, माणसाने निदान चार राज्यं तरी चालवली असतील. प्रत्यक्षात त्यांना दुकानातला गल्ल्याचा ड्रॉवरही धड उघडता येत नसे. तो अडकायचा आणि ते भिंगीला हाक मारायचे.

आणि लग्नाने गादी मिळवण्याबद्दल बोलायचा अधिकार आप्पांना होता, यात शंका नाही. खालचं दुकान आईच्या वडिलांचं. आप्पा तिथे काचा पुसायला लागले, मालकाच्या एकुलत्या एक मुलीशी त्यांचं लग्न झालं, आणि पत्र्याची एक पेटी घेऊन ते या घरात राहायला आले ते आलेच. सासरे गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी दुकानाची जुनी पाटी उतरवली आणि स्वतःच्या नावाची चढवली. जुनी लाकडी पाटी उलटी करून काच घासायच्या मशीनखाली ठेवली, टेबल म्हणून. घरजावई हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. नुसता जावई हा शब्दसुद्धा जपून वापरत. जागेचे कागद मात्र अजून आईच्या नावावर होते. त्यामुळे अधूनमधून आप्पा कागद आणायचे, बोट ठेवायचे, आणि आई तिथे सही करायची. चाळीस वर्षं तिने बोट बघितलं होतं, कागद बघितला नव्हता.

त्या दुपारी आई खिडकीपाशी विणत बसली होती. ती खेळत नसे. गेममधल्या बायकांची लग्नं कोणी ठरवतं आणि त्या निमूट उठून जातात, यात तिला करमणूक वाटत नव्हती. पण दुकान कोणाला मिळावं, असं तिला कोणी विचारलं असतं, तर ती दादाच म्हणाली असती. मुलगा तो मुलगा. भिंगीचं काय, ती एकटी, तिला कितीसं लागतं. आई वाईट नव्हती. तिने त्या गोष्टीचा कधी विचारच केला नव्हता.

भिंगी जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला टेकवून. सहाव्या वर्षी जाड भिंगांचा चष्मा लागला म्हणून हे नाव पडलं, ते अडतिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. चौदा वर्षं ती खाली बसत होती. गिऱ्हाईक कागद किती लांब धरतं त्यावरून तिला त्याचा नंबर सांगता यायचा. तिने लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्या तिन्ही मुलांनी आधी दुकान किती फूट आहे ते विचारलं होतं. हे दुकान गेलं तर तिचं काय होईल, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून फ्रेमा विकणं, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. म्हणून दोन महिने ती जीव लावून खेळली होती. आप्पांनी शब्द दिलाय, तर शब्दाप्रमाणे होईल, असं तिला खरंच वाटत होतं. या घरात राहूनही असं वाटू शकतं, म्हणजे पोरगी साधीच.

सोफ्यावर दादाच्या शेजारी आत्या होती, आप्पांची बहीण. आत्याचं घराणं म्हणजे समुद्राकाठचा एक किल्ला आणि हजार तक्रारी. पूर्वी ती आप्पांच्या बाजूची होती. आप्पांचा म्हातारा राजा मेला, त्याला मुलगा नाही म्हटल्यावर गादी त्याच्या मुलीच्या मुलाकडे, म्हणजे दादाच्या राजाकडे गेली, आणि त्याच बैठकीत आत्याही सरकून दादाकडे गेली. आज तिने बिस्किटांची बशी सगळ्यांना ओलांडून आधी त्याच्यापुढे धरली. वारा येईल तशी पाठ फिरवायची, ही तिची राजनीती.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, सोफ्याच्या हातावर बसली होती. तिला आज सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

गोष्ट तीन बैठकांमागची. भिंगीच्या घराण्यात नुसत्या मुली. कॉम्प्युटरने दिलेल्या, त्याला ती तरी काय करणार? तिने त्यातली थोरली दादाच्या युवराजासाठी देऊ केली. पडद्यावर लग्नाची चौकट आली. त्या चौकटीत वर नवरानवरीची चित्रं असतात, मध्ये दोन्ही घराण्यांची निशाणं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ: होणारी मुलं कोणाच्या घराण्यात मोजायची. वडिलांच्या की आईच्या. नेहमी खूण वडिलांच्या बाजूला असते. भिंगीने ती आईच्या बाजूला केली होती. लपवलं काही नव्हतं. ओळ तिथे होती, खूण तिथे होती, आणि दादाला दोन्ही डोळे होते.

पण दादा विमा कंपनीत होता. लोकांपुढे कागद सरकवायचे, इथे सही करा, बाकी काही वाचायची गरज नाही म्हणायचं, यात त्याची वीस वर्षं गेली होती. बारीक अक्षर ही दुसऱ्यांनी न वाचायची गोष्ट आहे, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. त्याने तीन किल्ले बघितले, हसला, म्हणाला की भिंगीच्या पोरींना पाठवणीशिवाय दुसरं काम काय, आणि 'मान्य'वर क्लिक केलं.

वहिनीने ती ओळ वाचली होती. ती शाळेत इतिहास शिकवायची. अशा लग्नांनी कोणाकोणाची राज्यं बुडाली, हे ती दरवर्षी नववीच्या मुलांना सांगायची. तिने तोंड उघडलं. दादा वळूनही न बघता म्हणाला, "तू मध्ये बोलू नकोस. तुला यातलं कळत नाही." वहिनीने तोंड मिटलं. नंतर घरी जाताना सांगावं, असं एकदा तिच्या मनात आलं. मग रस्ताभर तो मोबाइलच्या कंपनीबद्दल बोलत राहिला, आणि भिंगीला कंपनीत काउंटरवर उभं राहायची नोकरी देऊ म्हणाला, एवढ्या मोठेपणाने की वहिनीला कसंतरी झालं. तिने सांगितलं नाही. पुढच्या पुढच्या बैठकीत युवराज तापाने मेला, मागे दहा वर्षांचा मुलगा उरला, आणि दादा म्हणाला, चला, नातू आहे ना, गादीला काय धाड भरलीये. तेव्हाही तिने सांगितलं नाही. ती शांतपणे चहा प्यायली.

आणि दादाच्या राजाला नातवाशिवाय दुसरं होतं कोण? दोन भाऊ होते. भावकी नको, पुढे वाटण्या नकोत, म्हणून दादाने दोघांनाही आधीच मारून टाकलं होतं. एकाला विष, एकाला जिन्यावरून धक्का. त्या दिवशी आप्पांनी मुलाची पाठ थोपटली होती.

तर आजची चाल सुरू झाली. दादाने चार वर्षं नुसतं गप्प बसायचं होतं. माउसला हात न लावता तो जिंकला असता. पण इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस गप्प कसा बसेल? त्याने नकाशा इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि जाहीर केलं की जाता जाता आत्याचा किल्ला घेऊन टाकू, म्हणजे नकाशा कसा एका रंगाचा दिसेल.

आत्याला आधी वाटलं थट्टा करतोय. मग सैन्य निघालेलं दिसल्यावर तिने त्याला बाबापुता केलं, लहानपणी कडेवर घेऊन फिरवल्याचं काढलं, गेल्या महिन्यातच आपण तुझ्या बाजूला आलो हे सांगितलं. दादा म्हणाला की मनाला लावून घेऊ नकोस, खेळ आहे. आत्याने बिस्किटांची बशी उचलली आणि भिंगीच्या मांडीवर नेऊन ठेवली. तेवढ्यावर तिचा तह संपला.

सेनापती पाठवता आला असता. पण दादाने राजालाच घोड्यावर बसवलं. शेवटची लढाई राजाने स्वतः लढावी म्हणे, शोभून दिसतं. आप्पांनी मान डोलावली. आत्याच्या किल्ल्यावर मोजून साठ माणसं होती. त्यातल्या एकाने बाण मारला, आणि पडद्यावर खबर आली की राजा धारातीर्थी पडला.

"बघ," आत्या म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

दादा हसला. त्याने सोफ्यावर मागे टेकून सगळ्यांना समजावलं की काही बिघडलेलं नाही, आता नातू गादीवर येईल, मुकुट चढेल, ढोल वाजतील, आणि आपण पुढे जाऊ. तसंच झालं. दहा वर्षांचा नातू आला. मुकुट चढला. ढोल वाजले. मग मोठ्या गादीच्या मागचा दादाच्या घराण्याचा सिंह पुसला गेला आणि तिथे बगळा आला.

बगळा हे भिंगीच्या घराण्याचं निशाण. सहा वर्षांपूर्वी तिने ते निवडलं तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. सिंह, गरुड, वाघ सोडून बगळा. आता तो सतरा किल्ल्यांवर एका पायावर उभा होता. दादाच्या पुढ्यात एक काळी चौकट आली. 'तुमच्या घराण्यात वारस उरलेला नाही. तुमचा खेळ संपला आहे.'

ढोल वाजतच राहिले. कोणालाच ते बंद करायचं सुचलं नाही.

मग दादाला कंठ फुटला. त्याने मशीनमध्ये बिघाड आहे म्हणून पाहिलं, माउस आपटून पाहिला, मुलगा माझ्या युवराजाचा आहे मग घराणं हिचं कसं, असं टीव्हीला विचारून पाहिलं. भिंगीने उठून त्याला ती लग्नाची नोंद उघडून दाखवली. ओळ तिथेच होती. त्याने ती वाचली, आयुष्यात पहिल्यांदाच.

"तू फसवलंस," तो म्हणाला.

भिंगी म्हणाली, "दादा, एक ओळ होती. माझ्याकडे रोज माणसं येतात, बारीक अक्षर दिसत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. तुझे डोळे चांगले आहेत. तू वाचलं नाहीस, त्याला मी काय करू?"

दादाने लगेच बायकोकडे मोर्चा वळवला, की तू तर शेजारीच बसली होतीस. वहिनीने त्याच्याकडे सरळ बघितलं. वीस वर्षांच्या संसारात तिने असं क्वचितच बघितलं असेल.

"मी वाचलं होतं," ती म्हणाली. "सांगणार होते. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस, तुला कळत नाही. मग मी नाही बोलले."

आता सगळे आप्पांकडे वळले. आप्पा घसा खाकरले. टीव्हीच्या खाली त्यांनीच स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेली चिठ्ठी होती: मागे फिरायचं नाही. चार वर्षांपूर्वी आत्याच्या मुलखात साथ आली, तिचं अर्धं घराणं एका बैठकीत गेलं, आणि तिने एकदाच, फक्त एकदाच मागची सेव्ह केलेली फाइल उघडा म्हणून हात जोडले होते. तेव्हा आप्पांनी तिला इतिहास म्हणजे काय यावर पाऊण तास ऐकवलं होतं. घडलं ते घडलं, असं त्या पाऊण तासाचं सार होतं. तेच आप्पा आता म्हणाले की मुलाच्या हातून नजरचूक झाली आहे, तर मागच्या बैठकीपासून पुन्हा खेळायला हरकत नाही.

आत्या सोफ्यावरून उठलीच. मग माझी साथही मागे फिरव, म्हणाली, माझी चौदा माणसं परत दे. तिचं लाल झालेलं तोंड बघून आप्पांनी तो नाद सोडला आणि दुसरा रस्ता धरला. ते म्हणाले की शेवटी हा खेळ आहे, खेळ खेळाच्या जागी. दुकान ही खरी गोष्ट आहे. आणि खऱ्या गोष्टीत पुढचं बघावं लागतं. भिंगीच्या मागे कोण आहे? तिच्यानंतर दुकान कोणाचं? दादा जिंकत होता तोवर जो कायदा होता, तो भिंगी जिंकली तेव्हा पाच मिनिटांत खेळ झाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे. इथे तर दुसऱ्याचंही नव्हतं.

बोलता बोलता आप्पांनी कपाट उघडून एक लिफाफा काढला. दुकान दादाच्या नावावर करायचे कागद तयारच आहेत म्हणाले, उगाच लांबण नको, आजच उरकून टाकू.

कागद तयार आहेत, हे ऐकून भिंगीला सगळं कळलं. दोन महिने ती रात्री अंथरुणात पडून चाली ठरवत होती. कोणती मुलगी कुठे द्यायची, कोणाशी भांडायचं नाही, सगळं. आणि कागद कपाटात होता. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. चष्मा काढून ती ओढणीने डोळे पुसत राहिली. वहिनी सोफ्याच्या हातावरून उतरली आणि तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. दादाने ते बघितलं.

आप्पा कागद घेऊन खिडकीपाशी गेले. आईच्या मांडीवरचं विणकाम बाजूला सारलं, कागद ठेवला, पेन दिलं, आणि सवयीप्रमाणे शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

आईने पेन घेतलं. खरं सांगायचं तर ती सही करणारच होती. हात तसाच निघाला होता. पण समोर पोरगी रडत होती, आणि आईला त्या बोटाखाली काय आहे ते नीट दिसेना. तिने चष्म्यासाठी चाचपडलं. चष्मा नव्हता. त्याची दांडी ढिली झाली होती आणि सकाळी भिंगीने तो खाली नेला होता.

"चष्मा दे गं माझा," ती म्हणाली.

आप्पा म्हणाले, चष्म्याचं काय काम आहे, बोट ठेवलंय तिथे सही करायची. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भिंगी उठली, खाली गेली. दुकानाचा दिवा लागल्याचा आवाज आला, ड्रॉवर अडकल्याचा आणि सुटल्याचा आवाज आला, आणि ती चष्मा घेऊन वर आली. दोन्ही दांड्या घट्ट, काचा पुसलेल्या. आईने तो डोळ्यांवर चढवला, कागद उलटा करून पहिल्या पानापासून धरला, आणि वाचायला लागली.

ती सावकाश वाचत होती. आप्पा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभे राहिले. दादा म्हणाला की आई, ती वकिली भाषा असते, त्यात काही नसतं. आईने एक ओळ बोट लावून पुन्हा वाचली.

"अहो," ती म्हणाली, "यात लिहिलंय, 'आमच्या वाडवडिलांपासून चालत आलेलं दुकान'. कोणाच्या वाडवडिलांपासून?"

आप्पा म्हणाले, तशी लिहायची पद्धत असते.

"तुमचे वडील तर कधी इकडे फिरकलेही नाहीत. हे दुकान माझ्या वडिलांनी काढलं. पाटी त्यांच्या हातची होती. पोरगी रोज त्या पाटीच्या पाठीवर काचा घासते." तिने पान उलटलं. "आणि ही तारीख. तुम्ही गेमवर दुकान लावलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे."

दादाने मान खाली घातली. त्याला माहीत होतं, हे सगळ्यांना त्याच क्षणी कळलं. आत्याने "बाई गं" म्हणून बशीतलं बिस्किट उचललं आणि न खाता परत ठेवलं.

आईला काय वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. चाळीस वर्षं ज्या बोटाखाली सही केली, त्या बोटाखाली काय काय असेल, हे ती मोजत होती. पाटी उतरवली तेव्हा ती काही बोलली नव्हती. मुलगा तो मुलगा, असं ती स्वतःच म्हणत आली होती. तिला स्वतःचाही राग आला होता, पण तो तिने नंतरसाठी ठेवला. आधी हातातलं काम.

तिने पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि तो विणकामाच्या पिशवीत सगळ्यात खाली, लोकरीच्या गुंड्यांखाली ठेवला.

"माझ्या वडिलांनीही तुमच्यापुढे एक अट ठेवली होती," ती म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवशी, खाली, काउंटरपाशी. दुकान मुलीचं राहील आणि तिच्यानंतर तिच्या मुलांपैकी जे तिथे बसेल त्याचं होईल. मी पडद्यामागे उभी होते. तुम्ही मान्य म्हणालात. या गाढवाने निदान वाचलं तरी नव्हतं. तुम्ही तर ऐकून घेऊन मान्य म्हणाला होतात." मग मुलीकडे न बघताच, सुई शोधत ती म्हणाली, "भिंगे, उद्या कागद करून आण. तुझ्या नावाचा. मी वाचीन आणि सही करीन."

वहिनीने भिंगीचा हात धरून ठेवला होता. टीव्हीवर बगळा तसाच उभा होता आणि उरलेल्या चार वर्षांची चाल कोणीतरी करील याची वाट बघत होता.

आप्पा खोलीच्या मध्यभागी उभे होते. त्यांनी मुलाकडे बघितलं, मुलगा शर्टाच्या बाहीची बटणं बघत होता. बहिणीकडे बघितलं, बहीण आता भिंगीच्या बाजूची होती. शेवटी त्यांनी आईलाच विचारलं, आणि आवाज चढवायचा म्हणून जो काढला तो बारीकच निघाला.

"मग या घरात मी कोण?"

आईने विणकाम मांडीवर घेतलं, टाके मोजले, एक सुटला होता तो उचलला.

"तुम्ही या घरचे जावई," ती म्हणाली. "उभे का? बसा, चहा ठेवते."

आप्पा बसले.